कणकुंबीचा घाटमाथा गेममध्ये उतरवताना

शहर वसवायच्या 'सिटीज: स्कायलाइन्स' या कॉम्प्युटर गेममध्ये डोंगराळ नकाशे भरपूर आहेत. बर्फाची शिखरं, सुचीपर्णी झाडं, खाली निळीशार खाडी, सगळं देखणं. पण आमचा डोंगर तसा नाही. बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूरच्या बाजूने गेलात तर सह्याद्री डोंगर वाटतच नाही. जांबोटी मागे टाकून कणकुंबीकडे निघालं की रस्ता झाडीतून, भाताच्या खाचरांमधून निवांत जात राहतो आणि चोर्ल्याच्या पुढे एकदम जमीन संपते. खाली गोवा. चढल्यासारखं कुठे वाटत नाही, पण उतरताना पोटात गोळा येतो. मला शहर वसवायचं होतं ते अशा पठारावर, म्हणून नकाशा स्वतःच करायला घेतला. कुणाला आपल्या गावाचा करायचा असेल तर उपयोग होईल, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

हा गेम मार्च २०१५ मध्ये आला. फिनलंडमधल्या तांपेरे शहरातल्या कोलोसल ऑर्डर या छोट्या कंपनीने तो केला. डिसेंबर २०२० मध्ये एपिक या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानात तो एक दिवस फुकट होता, तेव्हा आमच्यापैकी बऱ्याच जणांनी घेऊन ठेवला. दुसरा भाग २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये आला, पण माझ्या लॅपटॉपला तो झेपणारा नाही. आणि या कामाला जुना गेम पुरतो.

गेमला जमीन द्यायची ती एका काळ्या-पांढऱ्या चित्रातून. जितका ठिपका पांढरा तितकी जागा उंच. चित्र १०८१ बाय १०८१ ठिपक्यांचं लागतं आणि ते १७.२८ किलोमीटर बाजूच्या चौकोनावर पसरतं, म्हणजे दोन ठिपक्यांत १६ मीटर. उंचीची मर्यादा १०२४ मीटर. हिमालय घालायचा असता तर दाबून बुटका करावा लागला असता. आमच्याकडचे बहुतेक डोंगर मात्र एकास एक बसतात. कणकुंबी समुद्रसपाटीपासून आठशे मीटरच्या आसपास आहे, ती गेममध्येही तेवढ्याच उंचीवर येते. याचा मला मनापासून आनंद झाला.

उंचीची माहिती फुकट मिळते. फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर यानाने अकरा दिवसांच्या फेरीत रडारने पृथ्वीचा मोठा भाग मोजला, तीच ही एसआरटीएमची माहिती. दर तीस मीटरला एक आकडा. ती क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये उघडायची. इथे एक गोष्ट अजिबात टाळू नका: मूळ माहिती अक्षांश-रेखांशांत असते, ती आधी मीटरमध्ये आणायची. त्यासाठी यूटीएम ही पृथ्वीचे उभे पट्टे पाडून मीटरमध्ये मोजायची पद्धत आहे, तिच्यातला आपल्या भागासाठी ४३ उत्तर हा पट्टा निवडायचा. आपल्याकडे रेखांशाचा एक अंश अक्षांशाच्या अंशापेक्षा आखूड असतो. तसाच चौकोन कापला तर सगळा मुलूख पूर्व-पश्चिम ताणला जातो.

चौकोन कुठे ठेवायचा यात माझा बराच वेळ गेला, आणि तो घालवायलाच हवा. नकाशा १७ किलोमीटरचा असला तरी शहर बांधायला मिळते ती मधली ९.६ किलोमीटर बाजूची जागा, तीही तुकड्यातुकड्याने. तुकडे पंचवीस, त्यातले घेता येतात नऊ. बाकीचं नुसतं बघायला. म्हणून पठार मधोमध हवं, कणकुंबी उजवीकडे आणि घाटाची कड डावीकडे. थोडा इकडे, थोडा तिकडे असं करत चौकोन तसा बसवला.

चित्र बाहेर काढताना ते १६-बिट पीएनजीच हवं. ८-बिटमध्ये करड्या रंगाच्या फक्त २५६ पायऱ्या असतात. १०२४ मीटर त्यात वाटले की एकेक पायरी चार मीटरची होते आणि सगळं पठार जिन्यासारखं दिसतं. १६-बिटमध्ये पायरी दोन सेंटिमीटरपेक्षाही लहान. आकडेमोडही सोपी आहे: शून्य ते १०२४ मीटरचं शून्य ते ६५५३५ करायचं, म्हणजे उंचीला साधारण ६४ ने गुणायचं. तयार चित्र गेमच्या 'मॅप एडिटर'मधल्या 'हाइटमॅप्स' फोल्डरमध्ये टाकलं की नकाशा करताना यादीत दिसतं.

पहिल्यांदा ते उघडलं तेव्हा रात्र बरीच झाली होती. उद्यमबागेतली दुसरी शिफ्ट करून आलो होतो. कॅमेरा पश्चिमेकडून आत आणला आणि समोर कडा उभा राहिला. झाड नाही, पाणी नाही, नुसती हिरवट माती. पण चोर्ल्याच्या वळणावर गाडी थांबवून आपण ज्या दरीकडे बघतो ती दरी मी ओळखली. आई आतून म्हणाली, "जेवून घे की रे आधी, डोंगर कुठं पळून जातोय?"

पुढचं काम हाताचं. कणकुंबीच्या दक्षिणेचा पट्टा दाट जंगलाचा. रडारच्या लहरी अशा झाडीतून पार जमिनीपर्यंत पोचत नाहीत, त्या वरच्या पानोऱ्यावरूनच परततात. त्यामुळे झाडांची उंची जमिनीच्या उंचीत मिसळते. जिथे जंगल, तिथे जमीन फुगलेली आणि खडबडीत. जिथे खाचरं, तिथे सपाट खळगा. गेममध्ये जमीन गुळगुळीत करायचा ब्रश असतो, तो हलक्या जोराने फिरवत राहायचं. बेळगावात दिवाळीला गल्लीतला किल्ला करताना ओला हात मातीवरून जसा फिरवतो, तसाच. जोर लावला की उतार मरतो. कड्याजवळ तर ब्रश नेऊच नका.

आणि मग पाणी. या नकाशाचा सगळा जीव पाण्यात आहे. कणकुंबीला माउलीच्या देवळाजवळ मलप्रभा उगम पावते आणि पूर्वेला निघते. सौंदत्तीजवळच्या धरणात अडते, पुढे कूडलसंगमला कृष्णेत मिसळून बंगालच्या उपसागराला जाते. कणकुंबीपासून थोड्याच अंतरावरचा कळसा नाला दक्षिणेला वळून म्हादईला मिळतो. ती गोव्यात मांडवी होते आणि अरबी समुद्र गाठते. मधला उंचवटा बघायला गेलं तर काहीच नाही. रस्त्याने जाताना कळतही नाही. गेममध्ये हा उंचवटा जपणं ही सगळ्यात नाजूक गोष्ट. ब्रशचा एक फटकारा जास्त बसला की मलप्रभेचं पाणी सरळ गोव्याकडे चालू लागतं.

तीस मीटरच्या आकड्यांत अरुंद ओढे दिसतच नाहीत. म्हणून दोन्ही प्रवाहांची पात्रं मी उपग्रहाच्या चित्रावरून बघून खोदली. पाण्याचा उगम ठेवताना दोन गोष्टी ठरवायच्या असतात: किती पाणी सोडायचं आणि कुठल्या उंचीपर्यंत भरू द्यायचं. उंची पात्राच्या काठाखाली ठेवा, पाणी अगदी थोडं सोडा आणि वेळ पुढे पळवून बघत बसा. माझ्या नकाशात मलप्रभा उजव्या कडेने बाहेर पडली. दक्षिणेचा ओढा दरीत कोसळताना पांढरा झाला. त्या दिवशी मी पुढचं काही केलं नाही, नुसता बघत बसलो.

नकाशा खेळण्याजोगा व्हायला बाहेरचे रस्ते जोडावे लागतात. पूर्वेला बेळगावचा रस्ता सोपा. पश्चिमेला घाट. खाली-वर सातशे मीटरच्या आसपासचा फरक. वीस मीटरला एक मीटर असा चढ धरला तर रस्ता चौदा किलोमीटर लांब हवा, आणि सरळ रेषेत तेवढी जागा नाही. म्हणून वळणं. तुलनेला सांगतो, कॅसलरॉकहून कुळ्याला उतरणारी रेल्वे ३७ ला १ अशा चढाची आहे. रेल्वेसाठी तोच फार मोठा चढ मानतात, म्हणून तिथे एवढे बोगदे आणि वळसे. गेमही ठराविक चढापलीकडे रस्ता नाकारतो, पण नाकारायच्या अलीकडे तो जे चालवून घेतो तेही खऱ्या घाटात चालणार नाही. मी गेमचं न ऐकता घाटाचं ऐकलं.

बाबा कैक वर्षं बेळगावहून गोव्याला भाजीचा टेम्पो नेत होते. त्यांना रस्ता दाखवला. चष्मा लावून, स्क्रीनला बोट टेकवून ते खालपासून वरपर्यंत आले. म्हणाले, "वळणं बरी घेतलीस. पण वळणातच चढ का ठेवलास? भरलेली गाडी वळणावर चढाला लागली तर पहिल्या गिअरलाबी ओढत नाही. वळण सपाट कर, चढ मधल्या सरळीला दे." मग थोडं थांबून, "आणि पाणी कुठनं जातंय रस्त्याचं? डोंगराकडच्या अंगाला गटार नसली की पावसाळ्यात रस्ता खाली जातोय बघ." गेममधला पाऊस नुसता दिसण्यापुरता असतो, तो रस्ता खचवत नाही. तरी मी प्रत्येक वळण मोडून पुन्हा केलं, आणि जिथे ओहोळ आडवे येतात तिथे छोटे पूल घातले. नंतरचा घाट बघायला वेगळाच झाला. गाड्या रांगेने वर येताना दिसतात आणि तो खरा वाटतो.

शहर वसवायला घेतल्यावर कळतं की सपाट नकाशावरचं चौकटीचौकटींचं गाव इथे चालत नाही. घर किंवा शाळा ठेवली की गेम खालची जमीन कापून सपाट करतो आणि तिरक्या उतारावर ओंगळ खड्डे पडतात. उपाय खाचरांच्या बांधांत आहे. जांबोटी-कणकुंबी भागात बांध उताराला आडवे जातात, एका उंचीवरून. मी रस्ते तसेच नेले, उंचीच्या रेषांना धरून. दोन आडव्या रस्त्यांना जोडणारी गल्ली तिरकी, आणि जिथे उतार जास्त तिथे फक्त पायवाट. लोक पायवाटेने चालतात, गाड्या वळसा घेतात, चौकात गर्दी कमी होते. मोठे चौक तर मी केलेच नाहीत. पठाराची कड मोकळी ठेवली, तिथे फक्त पवनचक्क्या. उंचीवर वारा जास्त मिळतो हे गेमनेही पाळलंय. धरण बांधून वीज काढायचा मोह झाला होता, पण उगमाजवळ प्रवाह इतका बारीक की धरणाला काही अर्थ नाही, उलट पठाराचं जंगल बुडालं असतं.

खरी अडचण पिण्याच्या पाण्याची आली. नदीवरचा पंप गेममध्ये खरोखर पाणी ओढतो. वस्ती वाढली तशी मलप्रभा माझ्या पंपापुढे कोरडी पडायला लागली. घाटमाथ्यावरच्या वाड्यांना हे काही नवीन नाही. पावसाळ्यात दार उघडवत नाही एवढा पाऊस आणि एप्रिलमध्ये विहिरीचा तळ. मी पंप एकाच जागी न ठेवता विभागले आणि निम्मं पाणी जमिनीखालून ओढणाऱ्या टाक्यांवर टाकलं. या टाक्यांच्या आसपासची जमीन स्वच्छ हवी, म्हणून कारखाने पार पूर्वेला, बेळगावच्या रस्त्याला लावले.

सांडपाण्याचा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. गेममधले पाइप चढउतार बघत नाहीत. उंचवट्यापलीकडे नेऊन म्हादईच्या ओढ्यात सोडलं असतं तर माझं शहर कधीच आजारी पडलं नसतं. घाण खाली, दुसऱ्यांच्या अंगणात. मी ते केलं नाही. सांडपाणी मलप्रभेतच, पंपांच्या खालच्या बाजूला, शहराच्या नजरेसमोर सोडलं. शुद्धीकरण केंद्र बांधायची परवानगी मिळाल्याबरोबर पहिला पैसा त्याच्यावर घातला, त्यासाठी स्टेडियम आणि मोठी बाग लांबणीवर टाकली. उगमाशी राहायचं तर एवढं करायलाच हवं, मग ते गेममध्ये का असेना.

वस्ती दहा हजारांच्या वर गेली तेव्हा मी शहर वाढवणं थांबवलं. दक्षिणेचं जंगल तोडल्याशिवाय पुढे जागा नव्हती. ते तोडायचं नाही हे मी झाडं लावतानाच ठरवलं होतं.

स्टीम या दुसऱ्या ऑनलाइन दुकानात नकाशे एकमेकांना द्यायची 'वर्कशॉप' ही सोय आहे, ती एपिकवरच्या गेमला नाही, त्यामुळे नकाशाची फाइल पेन ड्राइव्हवरून निपाणीच्या मित्राला दिली. त्याने शहर घाटाखाली वसवलंय आणि वरून येणाऱ्या पाण्यावर त्याची करडी नजर असते. आता आम्ही दोघं मिळून गोकाकचा चौकोन काढतोय. तिथे १८८७ सालीच पाण्यावर वीज तयार झाली, म्हणून धरण आणि वीजघर तिथेच शोभेल. अडचण एकच: घटप्रभेचा धबधबा ५२ मीटर सरळ उभा आहे आणि तीस मीटरच्या आकड्यांत तो उतरण होऊन पसरतो. कडा हाताने कापायला घेतलाय. वरचं पात्र किती रुंद ठेवायचं यावर अजून आमचं एकमत झालेलं नाही.