रुपीन पास: नदीच्या काठाकाठाने ४६५० मीटरवर

हिमालयातल्या बऱ्याच ट्रेकमध्ये नदी खाली दरीच्या तळाशी राहते आणि आपण वरच्या धारेवरून चालतो. रुपीन पासच्या वाटेवर मात्र नदी पहिल्या दिवसापासून बरोबर असते. उत्तराखंडातल्या धौला गावाजवळ, साधारण १६०० मीटर उंचीवर, रुपीनचा आवाज एवढा असतो की काठावर शेजारच्या माणसाशीही मोठ्याने बोलावं लागतं. तिथून रोज थोडं थोडं चढत तिला लहान होताना बघायचं, आणि शेवटी तिच्या उगमाच्या डोक्यावरून पलीकडे हिमाचलच्या किन्नौरमध्ये उतरायचं. मी हा ट्रेक निवडला तो एवढ्यासाठीच.

देहरादूनहून मसुरी, पुरोला, मोरी करत धौलाला पोहोचण्यात सगळा दिवस जातो. वाटेत नैटवाडला रुपीन आणि सुपीन एकमेकींना मिळतात आणि टोन्स तयार होते. ही टोन्स पुढे यमुनेला मिळते तेव्हा तिच्यात यमुनेपेक्षा जास्त पाणी असतं, तरी संगमानंतर नाव यमुनेचंच चालतं. गाडीत माझ्या शेजारी बसलेले काका ही गोष्ट ऐकून बराच वेळ खिडकीतून टोन्सकडे बघत होते. काका निवृत्त झालेले, उभा जन्म सह्याद्रीत भटकलेले. आमच्यात वयाने सर्वांत मोठे आणि चालायला सर्वांत शांत.

हल्ली रस्ता वर सरकल्यामुळे काही गट थेट जिसकूनपासून चालायला लागतात. वेळ वाचतो हे खरं, पण जमत असेल तर धौलापासूनच चालावं असं माझं ठाम मत आहे. एकतर उंचीची सवय सावकाश होते. दुसरं म्हणजे अक्रोडाच्या झाडांतून जाणारी ती वाट आणि मधलं सेवा गाव चुकवू नये असं आहे. सेवामध्ये लाकूड आणि दगड एकाआड एक रचून बांधलेलं जुनं मंदिर आहे, आणि त्याच्या लाकडी भिंतींवर लोकांनी वाहिलेली नाणी आणि पदकं ठोकलेली आहेत. या भागातले देव एका जागी बसून राहणारे नाहीत, पालखीतून गावोगाव फिरतात. आम्ही गेलो तेव्हा दार बंद होतं. अंगणात मुलं खेळत होती, त्यांच्यातल्या एकाने आम्हाला बूट काढून लांब ठेवायला लावले आणि आम्ही निघेपर्यंत लक्ष ठेवून उभा राहिला.

सेवानंतर एक ओढा ओलांडला की राज्य बदलतं आणि हिमाचल सुरू होतं. पुढे जिसकूनपासून झाकापर्यंतचा चढ चांगलाच अंगावर येतो. ट्रेकर मंडळी झाकाला ‘हँगिंग व्हिलेज’ म्हणतात. खालून बघितलं की कड्याच्या टोकावर घरं एकावर एक चढलेली दिसतात आणि त्यांच्यापर्यंत वाट जाते कुठून तेच कळत नाही. आम्ही धापा टाकत चढत असताना पाठीवर गवताचे भारे घेतलेल्या बायका गप्पा मारत आमच्या पुढे निघून गेल्या. ट्रेक जिथे संपतो त्या किन्नौरमधल्या सांगल्याच्या आधीचं हे शेवटचं गाव. यानंतर दुकान नाही, फोन नाही, दवाखाना नाही. आमच्या गाइडने इथेच सगळ्यांना थांबवून विचारलं, “कोणाला काही त्रास होत असेल तर आत्ता सांगा. इथून खाली जाणं सोपं आहे.” तो मला दीदी म्हणायचा आणि काकांना बाबूजी. सूचना देताना मात्र दोघांनाही सारख्याच कडक देत असे.

झाकाच्या वर देवदार आणि फरचं घनदाट जंगल लागतं. जंगल संपता संपता नदीवरचा पहिला हिमपूल आला. हिवाळ्यात वरून कोसळलेलं बर्फ नदीवर साठून घट्ट होतं आणि खालून पाणी ते पोखरत राहतं. वरून ते भक्कम वाटतं, पण कुठे पातळ झालंय ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून एकेकाने, मधे अंतर ठेवून, आधीच्याच्या पावलांवर पाऊल ठेवत जायचं. ऐन मधोमध आल्यावर पायाखालून नदीचा घुमणारा आवाज येतो. मी तिथे एकदाही थांबले नाही.

सरूवासच्या कुरणाच्या पुढे, एका वळणावर, सगळी दरी एकदम उघडते. यासाठी मनाची कितीही तयारी केलेली असली तरी उपयोग होत नाही. हिमनदीने कोरलेली रुंद दरी, दोन्ही बाजूंना ताशीव कडे, त्यांच्यावरून उतरणाऱ्या पाण्याच्या असंख्य धारा, आणि दरीच्या टोकाला तीन टप्प्यांत कोसळणारा रुपीनचा धबधबा. वरचा टप्पा ढगात होता. जून अर्धा सरला होता, तरी धबधब्याच्या पायथ्याशी बर्फाचे मोठे पट्टे शिल्लक होते आणि त्यांच्या कडेने, बर्फ वितळून ओल्या झालेल्या जमिनीत, मार्श मॅरिगोल्डच्या पिवळ्या फुलांचे ताटवे पसरले होते. भूर्जाची झाडं मागे पडली होती. त्यांच्या पांढऱ्या सालीचे पापुद्रे वाऱ्याने फडफडत होते, आणि पूर्वी यावर पोथ्या लिहीत हे शाळेत वाचलेलं वाक्य मला पहिल्यांदा हाताला लागलं.

धंदेरास थाच हे इथलं मेंढपाळांचं कुरण, उंची साधारण ३५५० मीटर. इथे आम्ही एक दिवस जास्त थांबलो. हा दिवस वाया गेला असं काहींना वाटतं, पण माझ्या मते या ट्रेकचं यश याच दिवसावर ठरतं. ३००० मीटरच्या वर गेल्यावर रात्रीच्या मुक्कामाची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये, असा डॉक्टरांचा सल्ला असतो. पुढचा मुक्काम ४०५० मीटरच्या आसपास, म्हणजे अगदी त्या मर्यादेवर. शरीराला जास्त तांबड्या पेशी बनवायला आठवडे लागतात. या एका दिवसात घडतं ते वेगळं: श्वास खोल आणि जलद होतो, रक्तातलं रसायन त्याच्याशी जुळवून घेतं, आणि रात्री झोप जरा बरी लागते.

त्याच दिवशी आमच्यातला एक तरुण मुलगा आजारी पडला. तब्येतीने सर्वांत दणकट, रोज सगळ्यांच्या पुढे असणारा. सकाळी डोकं दुखत होतं, दुपारी उलट्या झाल्या, संध्याकाळी सरळ रेषेत चालायला सांगितलं तेव्हा पाय वाकडे पडायला लागले. गाइडने क्षणभरही वाट पाहिली नाही. एक सहाय्यक आणि एक पोर्टर सोबत देऊन उजेड असतानाच त्याला खाली पाठवलं. “रात्रभर बघू, सकाळी बरं वाटेल,” असं तो मुलगा म्हणत होता, त्याच्या डोळ्यांत पाणी होतं. पण तोल जाणं हे मेंदूला सूज येत असल्याचं लक्षण असू शकतं आणि त्यावर पहिला उपाय एकच, खाली उतरणं. गोळी किंवा ऑक्सिजन असला तरी उतरण्याला पर्याय नाही. झाकाला पोहोचेपर्यंत त्याचं डोकं बरंच उतरलं होतं, हे आम्हाला दोन दिवसांनी कळलं. जो मुलगा अर्ध्या तासात कुठलाही चढ मारत होता त्याला उंचीने गाठलं, आणि काकांना साधी डोकेदुखीही झाली नाही. उंची वय बघत नाही, व्यायामही बघत नाही. काका दिवसभर फक्त घोट घोट पाणी पीत होते आणि कोणालाही मागे टाकायला जात नव्हते.

दुसऱ्या दिवशी धबधब्याच्या अंगाने चढलो. बर्फाचे तिरके उतार कापत जायचं होतं. गाइड आणि पोर्टर पुढे जाऊन आइस ॲक्सने पावलापुरत्या खाचा पाडत होते. चढताना बुटाचं टोक बर्फात ठोकायचं, उतरताना टाच रोवायची, आणि शरीराचं वजन डोंगराकडे झुकवायचा मोह आवरून पायांवर सरळ ठेवायचं. हे सगळ्यांत अवघड. भीती वाटली की माणूस आपोआप उताराला बिलगतो, आणि बिलगला की पाय सुटतात. धबधब्याच्या माथ्यावरचा मुक्काम बर्फातच होता. खाली एवढी गर्जणारी रुपीन इथे खडकांतून वाहणारा एक ओढा झाली होती. मी त्यातून पाण्याची बाटली भरली.

रात्री अडीचला उठवलं. इतक्या लवकर निघायचं कारण साधं आहे: पहाटे बर्फ कडक असतं, पाय रुतत नाहीत आणि वरचे दगड गोठून जागच्या जागी असतात. ऊन चढलं की बर्फ मऊ पडतं, मांडीपर्यंत पाय आत जातो आणि दगड सुटायला लागतात. म्हणून शेवटच्या नळीतून, म्हणजे कड्यातल्या अरुंद घळीतून, सकाळीच पार व्हायचं. हेडलॅम्पच्या उजेडात पुढच्याच्या बुटांवर नजर ठेवून चाललो. रती फेरी नावाच्या टप्प्यापाशी उजाडलं. तिथून समोरच्या काळ्या धारेत एक अरुंद, सरळसोट पांढरी नळी दिसली. आमच्या सह्याद्रीच्या भाषेत काका तिला नळीच म्हणाले, आणि नाव अगदी बरोबर होतं.

ती नळी २०० मीटरच्या आसपास उंच असेल. खालून बघितलं तर अर्ध्या तासाचं काम वाटतं. इतक्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ५६ टक्के असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात जेमतेम निम्म्याहून थोडा जास्त प्राणवायू. दहा पावलं, थांबणं, मग आठ, मग पाच. माझ्यापुढचा पोर्टर पाठीवर तंबू आणि भांडी घेऊन चढत होता आणि प्रत्येक खाच पायाने दोनदा ठोकून मोठी करत होता. ती दुसरी ठोक त्याच्यासाठी नव्हती, मागून येणाऱ्या आमच्यासाठी होती. हे माझ्या लक्षात यायला निम्मी नळी जावी लागली. मधेच वरून एक छोटा दगड सुटला. “पत्थर!” अशी हाक आली आणि सगळे कडेला चिकटले. दगड गेला. कोणी काही बोललं नाही, पुन्हा मोजणी सुरू झाली.

आणि मग चढ संपला. रुपीन पास म्हणजे मोठं पठार वगैरे नाही. दोन खडकांमधली चिंचोळी फट, दगडांची रास, वाऱ्यात ताणलेल्या पताका, आणि पलीकडे किन्नौरची शिखरं एकामागे एक. मी रडले. काका बसकण मारून दोन्ही बाजूंना आळीपाळीने बघत होते.

“महाबळेश्वरला कृष्णा पूर्वेला जाते आणि सावित्री पश्चिमेला,” ते म्हणाले. “इथेही तसंच आहे का गं?”

तसंच होतं, फक्त दिशा बदललेल्या. आम्ही आलो त्या बाजूचं बर्फ वितळलं की रुपीन, टोन्स, यमुना आणि गंगा करत बंगालच्या उपसागराला जातं. समोरच्या उतारावरचं पाणी बास्पाला, बास्पा कडछमला सतलजला, आणि सतलजचं पाणी शेवटी सिंधूतून अरबी समुद्राला. चार हात रुंदीच्या त्या फटीत उभं राहून दोन वेगळ्या समुद्रांना जाणारी खोरी पायाखाली आहेत हे मला समजलं तेव्हा तिथे आणखी तासभर थांबावंसं वाटलं. गाइडने पंधरा मिनिटं दिली.

उतार फार लवकर उरकतो. वरच्या बर्फावरून बसून घसरत खाली आलो, मग रौंटी गाडचं कुरण, आणि दुसऱ्या दिवशी सांगला कांडा करत भुर्जाच्या आणि पाइनच्या जंगलातून सफरचंदांच्या बागांपर्यंत. सांगला २७०० मीटरच्या आसपास आहे, त्यामुळे सगळा उतार गुडघ्यांवर येतो. काठ्या दोन घ्याव्यात, एक पुरत नाही. गावात शिरताना हिरव्या पट्टीच्या किन्नौरी टोप्या घातलेले म्हातारे ओट्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, वर बर्फ किती? आम्ही सांगितलं. मग त्यांनी आमच्याकडे नाही, आमच्या पोर्टरांकडे बघून मान हलवली.

हे पोर्टर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा त्याच वाटेने, त्याच नळीतून उतरून घरी जाणार होते. त्यांच्यातल्या दोघांकडे काळा चष्मा नव्हता. एवढ्या बर्फात उघड्या डोळ्यांनी दिवसभर चालल्यावर हिमांधळेपणा येतो, हे आम्हाला पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं होतं, आणि आमच्या प्रत्येकाकडे दोन-दोन चष्मे होते. आम्ही जादाचे चष्मे, हातमोजे, कोरडे मोजे आणि बर्फावर बुटांना लावायच्या काट्यांच्या (मायक्रोस्पाइक्स) जोड्या त्यांना दिल्या. पण हे शेवटच्या संध्याकाळी सुचून उपयोगाचं नाही. तुम्ही रुपीनला जाणार असाल तर पैसे भरण्याआधी विचारा: पोर्टरांना बूट, चष्मा आणि विमा कोण देतं, आणि एकाच्या पाठीवर किती किलो ओझं असतं? उत्तर नीट मिळालं नाही तर दुसरीकडे जा.