सायप्रस : आधी सांडपाणी, मग सार्वभौमत्व

सायप्रसबद्दल मराठीत जे थोडंफार वाचायला मिळतं त्यात 1974 चं तुर्की आक्रमण, संयुक्त राष्ट्रांची शांतिसेना आणि फिसकटलेल्या वाटाघाटी एवढंच असतं. वाचणाऱ्याची समजूत होते की पन्नास वर्षांत तिथे पानही हललेलं नाही. राजकीय तोडगा निघालेला नाही, हे खरंच आहे. पण याच काळात बेटावरच्या ग्रीकांनी आणि तुर्कांनी काही कामं मिळून केली, अजूनही करताहेत. मुलूख कुणाचा हा वाद बाजूला ठेवून एखादं नेमकं काम हाती घेतलं, तिथे गाडं पुढे सरकलं. आधी तो वाद मिटवू मग कामाला लागू, असं जिथे ठरलं तिथे काहीच झालं नाही. हे कसं घडलं ते तपशिलात पाहण्यासारखं आहे.

आधी बिघडलं कुठे, ते. 1960 साली ब्रिटिश गेले तेव्हा बेटावर तुर्क सुमारे 18 टक्के होते आणि ग्रीक त्यांच्या चौपटीहून जास्त. राज्यघटनेत सगळी वाटणी आकड्यांत झाली. अध्यक्ष ग्रीक, उपाध्यक्ष तुर्क, दोघांना नकाराधिकार. संसदेत 35 ग्रीक, 15 तुर्क. सरकारी नोकऱ्या 70:30, दोन हजारांचं सैन्य 60:40. करांच्या कायद्याला दोन्ही गटांचं वेगवेगळं बहुमत लागायचं. ग्रीकांना हे प्रमाण लोकसंख्येच्या मानाने अन्यायाचं वाटलं, तर तुर्कांना त्यातला एक आकडाही सोडायचा नव्हता. सैन्य कंपनीच्या पातळीवर मिश्र असावं की वेगळं, यावर एकमत झालं नाही आणि सैन्य उभंच राहिलं नाही. करांचा कायदा अडला, पाच शहरांतल्या वेगळ्या नगरपालिकांचा वाद चिघळला. नव्या देशावर जीव असलेलं माणूस दोन्हीकडे विरळा होतं. एका बाजूला ग्रीसमध्ये विलीन व्हायचं होतं, दुसऱ्या बाजूला बेटाची फाळणी हवी होती. ग्रीकांची एओका आणि तुर्कांची टीएमटी या दोन सशस्त्र संघटना स्वातंत्र्याआधीच याच दोन स्वप्नांवर पोसल्या गेल्या होत्या.

नोव्हेंबर 1963 मध्ये अध्यक्ष मकारिओस यांनी घटनेत 13 दुरुस्त्या सुचवल्या आणि 21 डिसेंबरला गोळीबार सुरू झाला. 30 डिसेंबरला ब्रिटिश मेजर जनरल पीटर यंग यांनी निकोसियाच्या नकाशावर हिरव्या पेन्सिलीने रेघ ओढली. ग्रीन लाइन ती हीच. म्हणजे शहराची फाळणी तुर्की सैन्य उतरण्याच्या दहा वर्षं आधीची आहे. सुमारे 25,000 तुर्कांनी शंभराहून जास्त गावं सोडली आणि ते छोट्या छोट्या वेढलेल्या वस्त्यांत जाऊन राहिले. पुढे 15 जुलै 1974 ला अथेन्सच्या लष्करशहांनी बेटावर बंड घडवलं, 20 जुलैला तुर्की सैन्य उतरलं आणि ऑगस्टच्या दुसऱ्या चढाईनंतर बेटाचा 36 टक्क्यांच्या आसपास भाग त्यांच्या ताब्यात गेला. दीड लाखाहून जास्त ग्रीक दक्षिणेत पळाले, चाळीस-पंचेचाळीस हजार तुर्क उत्तरेत गेले. तेव्हापासून 180 किलोमीटरचा निर्लष्करी पट्टा बेट चिरत गेला आहे. कुठे तो सात किलोमीटर रुंद आहे, तर जुन्या निकोसियात दोन्ही बाजूंच्या भिंतींमध्ये जेमतेम चार पावलं.

या पट्ट्याशी आपलं एक नातं आहे. शांतिसेनेचे पहिले सेनापती लेफ्टनंट जनरल प्रेमसिंग ग्यानी. त्यांच्यानंतर आले जनरल थिमय्या. डिसेंबर 1965 मध्ये कामावर असतानाच त्यांचं तिथे निधन झालं आणि सायप्रसने त्यांच्या नावाचं टपाल तिकीट काढलं. 1974 च्या धामधुमीत त्याच पदावर दिवाण प्रेमचंद होते.

आता सांडपाण्याकडे येऊ. निकोसियाच्या भुयारी गटारांचं काम युद्ध आलं तेव्हा अर्धवट होतं. शहराचा उतार ईशान्येकडे, त्यामुळे पाणी आपोआप मिया मिलिया या गावाकडे वाहतं. युद्धानंतर ते गाव उत्तरेत गेलं. दक्षिणेला आपलं पाणी आपल्याच हद्दीत शुद्ध करायचं तर ते उताराच्या उलट पंपाने चढवावं लागणार, म्हणजे कायमचा विजेचा खर्च. उत्तरेकडे जागा होती, पण पैसा आणि पुरेसं जाळं नव्हतं. तुंबलेल्या गटारांची दुर्गंधी आणि रोगराई तर दोघांच्याही दारात. दक्षिणेचे महापौर लेलोस देमेत्रियादिस आणि उत्तरेचे मुस्तफा अकिंजी यांनी 1978 पासून बोलणी केली आणि काही वर्षांत संयुक्त व्यवस्था सुरू झाली. अडचण तांत्रिक नव्हतीच. उत्तरेतलं कुठलंही पद दक्षिण अधिकृत मानत नाही, मग सही कोण कुणाबरोबर करणार? म्हणून संयुक्त राष्ट्रांची विकास संस्था मध्ये घातली, आणि या कामाने कुणाचीही राजकीय भूमिका बाधित होत नाही असं गृहीत धरून अभियंते कामाला लागले. याच ओळखीतून पुढे संपूर्ण शहराचा एकत्र आराखडा तयार झाला. आज ना उद्या शहर एक होईल असं धरून दोन्हीकडचे रस्ते आखले गेले. मिया मिलियात नंतर नवीन प्रकल्प उभा राहिला. त्याची क्षमता रोज 30,000 घनमीटर आहे, त्यावर अंदाजे 2.9 कोटी युरो खर्च झाले, आणि पैसा युरोपीय संघ व दक्षिण निकोसियाच्या मलनिस्सारण मंडळाने मिळून घातला. राज्यघटना तीन वर्षं टिकली; ही गटारं चाळीस वर्षांहून जास्त काळ चालू आहेत.

दुसरं काम याहून कितीतरी जड आहे. 1963-64 आणि 1974 मध्ये बेपत्ता झालेल्यांच्या अधिकृत यादीत 2002 नावं आहेत : 1510 ग्रीक, 492 तुर्क. त्यांचा शोध घेणारी समिती 1981 मध्ये नेमली गेली. तिचे तीन सदस्य असतात. एक ग्रीक, एक तुर्क, आणि तिसरा आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसने सुचवलेला. पंचवीस वर्षं ती कागदावरच राहिली. पद्धतशीर खोदकाम 2006 मध्ये सुरू झालं. ते करणाऱ्या पथकांत दोन्ही समाजांचे तरुण पुरातत्त्वज्ञ असतात आणि अर्जेंटिनाच्या न्यायवैद्यक मानववंशशास्त्रज्ञांनी त्यांना सुरुवातीला तयार केलं.

कामाची रीत अशी. कुणीतरी गावकरी, बहुधा आता म्हातारा झालेला, नाव गुप्त ठेवण्याच्या अटीवर सांगतो की अमुक विहिरीत, तमुक ओढ्याच्या काठी माणसं पुरली होती. दोन्ही बाजूंचे तपासनीस ती माहिती ताडून पाहतात. मग यंत्राने माती थराथराने काढतात आणि यंत्राच्या तोंडाशी एक जण सतत नजर ठेवून उभा असतो. रंग बदललेली माती, कापडाचा तुकडा किंवा बूट दिसला की यंत्र थांबतं आणि पुढचं सगळं काम हाताने होतं. विहीर असेल तर शेजारी तेवढाच खोल उतार खणून बाजूने आत शिरावं लागतं, कारण वरून उतरलं तर कठडा ढासळतो. सापडलेली हाडं निकोसियाच्या बंद पडलेल्या विमानतळाजवळ, संयुक्त राष्ट्रांच्या आवारातल्या प्रयोगशाळेत जातात. तिथे ती धुतात, सुकवतात, टेबलावर माणसाच्या आकारात मांडतात. वय, लिंग, उंची, जुन्या दुखापती नोंदवतात. हाडाचा छोटा तुकडा डीएनए चाचणीसाठी जातो आणि नातेवाइकांच्या रक्ताच्या नमुन्याशी जुळवला जातो. जुळलं की घरच्यांना बोलावतात. पांढऱ्या चादरीवर हाडं आणि शेजारी अंगावर मिळालेल्या वस्तू असतात. एखादं घड्याळ, पट्ट्याचं बक्कल, शर्टाची बटणं. कोणतं हाड मिळालं आणि कोणतं नाही, हे शास्त्रज्ञ समजावून सांगतात. मानसोपचारतज्ज्ञ सोबत असतात. कधी कधी ग्रीक आईला तिच्या मुलाची हाडं समजावून सांगणारी मुलगी तुर्क असते.

ही समिती मृत्यूचं कारण सांगत नाही आणि मारणारा कोण तेही सांगत नाही. अनेक कुटुंबांना हे सहन होत नाही आणि त्यांचा राग रास्त आहे. पण या अटीवाचून साक्षीदार बोलले नसते, हेही तितकंच खरं. 2002 पैकी हजाराहून जास्त जणांची ओळख आजवर पटली आहे. आता मात्र गती फार मंदावली आहे. बहुतेक खड्ड्यांतून काहीच निघत नाही. साक्षीदार वारले, ओढ्यांचे प्रवाह बदलले, शेतांवर घरं उभी राहिली. काही ठिकाणी तर हाडं मुद्दाम हलवली गेली. अशिया गावच्या माणसांना जिथे पुरलं होतं तिथे फक्त बारीक अवशेष उरले होते, बाकी सगळं उचलून दिकोमोच्या कचरा डेपोवर टाकलेलं होतं. उत्तरेतल्या लष्करी जागांत खणायला तुर्की सैन्याची परवानगी लागते. 2015 मध्ये 30 जागांना ती मिळाली, तीही तीन वर्षांत विभागून. ती तत्काळ आणि सरसकट मिळायला हवी होती, असं माझं स्पष्ट मत आहे.

घोडं पेंड खातं ते शाळेत. दक्षिणेतल्या मुलांच्या वह्यांवर उत्तरेतल्या गमावलेल्या गावांची, किल्ल्यांची चित्रं आणि "मी विसरत नाही" हे वाक्य अनेक वर्षं छापलं गेलं. त्या मुलाला 1974 पाठ असतं. 1963 मध्ये तुर्क शेजाऱ्यांची गावं का ओस पडली, हे मात्र त्याला कुणी सांगत नाही. उत्तरेत नेमकं उलटं. 1963 ते 1974 च्या हालअपेष्टा सविस्तर, आणि दीड लाख ग्रीक बेघर झाले ते "शांती मोहिमे"च्या, म्हणजे तुर्की आक्रमणाच्या, एका ओळीत. दोघांचंही दुःख खरं आहे. खोट आहे ती दुसऱ्याचं पान फाडून टाकण्यात.

हे बदलायचे प्रयत्न झाले. उत्तरेत 2004 मध्ये डाव्या सरकारने इतिहासाची पुस्तकं नव्याने लिहून घेतली. त्यात दोन्ही बाजूंच्या आक्रमक राष्ट्रवादाला जबाबदार धरलं होतं आणि एकत्र जगण्याच्या आठवणींनाही जागा होती. 2009 मध्ये उजवा पक्ष सत्तेत आला आणि पुस्तकं मागे घेतली गेली. दक्षिणेत 2008 मध्ये शिक्षणमंत्री आंद्रेआस देमेत्रिऊ यांनी शांततामय सहजीवन हे त्या शालेय वर्षाचं उद्दिष्ट ठरवलं, तर प्राथमिक शिक्षकांच्या संघटनेनेच तुर्क शिक्षक-विद्यार्थ्यांच्या भेटींना विरोध केला. फेब्रुवारी 2017 मध्ये, वाटाघाटी ऐन रंगात असताना, दक्षिणेच्या संसदेने 1950 च्या विलीनीकरणाच्या कौलाची आठवण शाळांत पाळायचा ठराव केला. बोलणी जवळजवळ दोन महिने बंद पडली. जुलैमध्ये स्वित्झर्लंडमधल्या क्रां-मोंतानाला ती कोसळली. तिथल्या अपयशाची कारणं वेगळी होती, सुरक्षा आणि हमीदार म्हणून हस्तक्षेप करण्याचे तुर्कस्तानचे हक्क. पण विश्वासाची शिल्लक त्या ठरावाने आधीच खर्च झाली होती.

या सगळ्या अनुभवातून दिसतं ते असं, की मंत्र्याने काढलेलं पुस्तक पुढचा मंत्री रद्द करतो. शिक्षकांनी स्वतः उभं केलेलं काम त्यामानाने तग धरतं. दोन्हीकडच्या इतिहास शिक्षकांच्या संघटनेने पट्ट्याच्या आतच, लेद्रा पॅलेस हॉटेलसमोर, एक पडकी इमारत दुरुस्त केली आणि 2011 मध्ये सहकार्य केंद्र सुरू केलं. पालकांची लेखी संमती घेऊन दोन्हीकडचे वर्ग तिथे येतात. 1974 वर चर्चा घेऊन सुरुवात केली तर मुलं आपापला पाठ म्हणून दाखवतात, म्हणून आधी खेळ, गट, ओळख. शिवाय एका भेटीने फारसं काही होत नाही. परत गेल्यावर वर्गातल्या बाईंनी तो विषय पुढे नेला तर त्याचा उपयोग.

पट्टा ओलांडायची नाकी पहिल्यांदा 23 एप्रिल 2003 ला उघडली. लोक रांगा लावून आपली जुनी घरं बघायला गेले. वर्षभराने, 24 एप्रिल 2004 ला, बेट पुन्हा एक करण्याच्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्नान योजनेवर मतदान झालं. 65 टक्के तुर्कांनी होकार दिला, 76 टक्के ग्रीकांनी नकार. घर बघून आलो म्हणून मत बदलतं असं नाही, कारण ते घर परत मिळणार का, सैन्य कधी जाणार, हे प्रश्न जागच्या जागी होते. तरीही नाकी उघडी राहिली, हे मी मोठं मानतो. 2020 च्या फेब्रुवारीअखेर दक्षिणेने कोरोनाचं कारण देऊन चार नाकी बंद केली, तेव्हा दोन्ही बाजूंचे लोक रस्त्यावर उतरले.

रोजच्या व्यवहारात मात्र असंख्य खुंट्या आहेत. गाडीचा विमा पलीकडे चालत नाही, नाक्यावर वेगळा घ्यावा लागतो. उत्तरेतून माल दक्षिणेत आणायचा तर तुर्क व्यापारी मंडळाचं प्रमाणपत्र हवं. पण तिकडच्या मालट्रकांची योग्यता-तपासणी दक्षिण मान्य करत नाही, म्हणून माल नाक्यावर उतरवून दुसऱ्या गाडीत भरावा लागतो. भाडं दुप्पट होतं आणि बटाट्यासारख्या मालात नफाच उरत नाही. हलुमी चीजला एप्रिल 2021 मध्ये युरोपीय संघाने हलुमी आणि हेलिम या दोन्ही नावांनी संरक्षण दिलं, तपासणी एका त्रयस्थ कंपनीकडे सोपवली. दोघांच्या मालकीची एक वस्तू कागदावर मान्य झाली, ही मोठीच गोष्ट. पण उत्तरेचं चीज नाक्यावरून यायचं तर तिथल्या गोठ्यांनी युरोपीय पशुआरोग्याचे नियम पाळायला हवेत, आणि त्या तयारीला वर्षं लागतात. ती तयारी करून घ्यायला पैसा आणि पशुवैद्य कमी पडू देऊ नयेत, एवढी जबाबदारी ब्रसेल्सची नक्कीच आहे.

मार्च 2025 मध्ये जिनिव्हात चार नवीन नाकी उघडायचं तत्त्वतः ठरलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये उत्तरेच्या मतदारांनी दोन राष्ट्रांची भाषा करणाऱ्या एर्सिन तातार यांना नाकारलं आणि संघराज्याचा पुरस्कार करणाऱ्या तुफान एर्हुरमान यांना उत्तरेचे नेते म्हणून मोठ्या फरकाने निवडलं. नाक्यांचा घोळ जागांचा आहे. उत्तरेला मिया मिलियाचं नाकं हवं आहे, म्हणजे निकोसियाच्या मुख्य वाहन-नाक्यावरची कोंडी फुटेल. दक्षिणेला अथिएनू गावाजवळून रस्ता हवा आहे, म्हणजे शेतकऱ्यांचा आणि राजधानीला जाणाऱ्यांचा वळसा वाचेल. या वाटेवर तुर्की सैन्याचा भाग आडवा येतो. रोज कामाला पलीकडे जाणारे तुर्क मजूर आणि अथिएनूचे शेतकरी, दोघांनाही यातलं एक नाकं पुरेसं नाही. दोन्ही एकाच दिवशी उघडली तरच कुणी हरल्यासारखं होणार नाही.