बाबागाडी बंद करताना

बाबागाडी कोणत्या वयात बंद करावी याला ठरलेले उत्तर नाही, हे आम्हाला लेकीच्या बालरोगतज्ज्ञांनीच सांगितले. ती तेव्हा दोन वर्षांची व्हायला आली होती, घरभर धावत होती, आणि तरीही बाहेर निघायचे म्हटले की आम्ही सवयीने जिन्याखालची गाडी उघडत होतो. डॉक्टरांनी तिची चाल पाहिली, पायांत काही दोष नाही याची खात्री करून घेतली आणि सांगितले की, यापुढे वय पाहू नका. तिला कुठे नेता, किती वेळ नेता आणि कशासाठी नेता ते पाहा.

घरात मात्र प्रत्येकाचे उत्तर तयार होते. सासूबाईंच्या मते गाडी आणायचीच गरज नव्हती. "अगं, पोरीला पाय दिल्यात की देवानं, चालू दे की तिला," हे त्यांचे ठरलेले वाक्य. त्यांची तिन्ही मुले पांगुळगाड्यावर चालायला शिकली आणि नंतर पेठेतल्या गल्लीत हुंदडत मोठी झाली. पुण्याला राहणारी माझी बहीण मात्र तिच्या मुलाला चौथे वर्ष लागले तरी गाडीतून नेत होती आणि तिला त्यात काही वावगे वाटत नव्हते. दोघींचेही खरे होते, कारण दोघींचे रस्ते वेगळे होते. पण हे आमच्या लक्षात यायला थोडा वेळ गेला, आणि तोवर मी आकड्यांकडे वळले.

जागतिक आरोग्य संघटनेने २००६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत, जिच्या पाच देशांत भारतही होता, निरोगी मुले आधाराशिवाय चालू लागण्याचा काळ साधारण ८ ते साडेसतरा महिने असा दिला आहे. म्हणजे दीड वर्षापर्यंत बहुतेक मुले चालतात, आणि तरीही दोन वर्षांच्या मुलांना गाडी लागते. याचा अर्थ 'चालता येते का' हा प्रश्न येथे फारसा उपयोगाचा नाही. गाडीवरच्या चिठ्ठीत १५ किलो ही मर्यादा लिहिलेली होती, आणि तीन वर्षांच्या मुलीचे सरासरी वजन याच संघटनेच्या तक्त्यानुसार १३.९ किलो असते. त्या हिशेबाने गाडी तीन वर्षांनंतरही चालली असती. पण ती मर्यादा गाडीचा सांगाडा किती भार पेलेल एवढेच सांगते, मुलाने तिच्यात कधीपर्यंत बसावे हे नव्हे.

त्यातल्या त्यात उपयोगी पडली ती याच संघटनेची २०१९ ची मार्गदर्शक तत्त्वे. एक ते चार वर्षांच्या मुलांची दिवसभरात मिळून किमान १८० मिनिटे हालचाल व्हावी, आणि बाबागाडीत, उंच खुर्चीत किंवा पाठीवर बांधून त्यांना एका वेळी एका तासापेक्षा जास्त जखडून ठेवू नये, असे त्यांत म्हटले आहे. तासाची ही मर्यादा वाचल्यावर मी आमच्या संध्याकाळींचा हिशेब केला. कोल्हापुरातल्या लक्ष्मीपुरीत भाजी घ्यायची, वाटेत कोणाकडे तरी डोकवायचे, मग रंकाळा तलावावर एक फेरी मारायची, असा बेत असला की पट्टा लावलेल्या अवस्थेत तास सहज उलटून जात असे, आणि त्यात तिची तक्रारही नसे. तक्रार नसणे हेच मला जास्त खटकले. हातात राजगिऱ्याची वडी दिली की गाडीत बसलेले मूल आपल्याला त्रास देत नाही, ही सोय मुलाची नसून आपली आहे.

आम्ही शिवाजी पेठेत राहतो. येथून महाद्वार रोड एका बाजूला आणि रंकाळा दुसऱ्या बाजूला, दोन्ही पायी जाण्याच्या अंतरावर आहेत, आणि निर्णयाची उकल झाली ती या दोन रस्त्यांमुळे. पेठेच्या गल्ल्यांत दोन्ही बाजूंना दुचाक्या उभ्या असतात, गटारांवरच्या फरश्या वरखाली असतात, आणि गाडीची पुढची लहान चाके दर थोड्या अंतरावर कशात तरी अडकतात. महाद्वार रोडवर तर संध्याकाळी माणसांतूनच वाट काढावी लागते. अंबाबाईच्या देवळात गाडी नेण्याचा प्रश्नच नाही, आणि बाहेर ती कुठे ठेवायची हाही एक उद्योगच. नीट पाहिले तर या रस्त्यांवर गाडी तिला नेत नव्हती, आम्हीच गाडीला नेत होतो. याउलट रंकाळ्याकाठचा फिरण्याचा रस्ता सपाट, वाहनांपासून वेगळा आणि मोकळा. तेथे गाडी एका हाताने ढकलता येते. पण जेथे गाडी इतकी सहज चालते, तेथे मूलही तितकेच सहज चालू शकते. म्हणजे जेथे गाडी उपयोगी होती तेथे तिची गरज कमी होती, आणि जेथे चालणे अवघड होते तेथे गाडीही निकामी होती. हे एकदा ध्यानात आल्यावर 'गाडी ठेवायची की काढायची' असा एकच मोठा प्रश्न उरला नाही. एकेका रस्त्यापुरता तो सोडवणे शक्य झाले.

पहिला निकाल पावसाने लावून टाकला. कोल्हापुरात जूनच्या मध्यावर पाऊस लागला की बाबागाडी बाहेर काढणे म्हणजे चाकांना चिखल आणि गादीला ओल. तिच्यावर टाकायचे प्लास्टिकचे आवरण होते, पण त्याच्या आत मुलगी घामाघूम व्हायची. त्यामुळे गाडी जिन्याखालीच राहिली आणि रेनकोट व गमबूट घालून कोपऱ्यावरच्या दुकानापर्यंत, तालमीपर्यंत, शेजारच्या गल्लीतल्या आत्याकडे असे जवळचे फेरे सुरू झाले. गाडी बंद करण्याचा विचार करणाऱ्यांना मी हाच काळ सुचवीन, कारण पावसाळ्यात लांबचे बेत आपोआप कमी होतात आणि गाडी नसल्याचे कारण मुलाला समजावत बसावे लागत नाही. डबक्यांमुळे वेळ लागतो, हे मात्र गृहीत धरावे.

रस्त्यावर हात कसा धरायचा, हे आम्हाला शिकावे लागले. गाडीत पट्टा असतो, त्यामुळे मूल अचानक धावेल ही भीती नसते. चालणाऱ्या मुलाच्या बाबतीत तीच सर्वांत मोठी असते. बोटे धरली तर ती सुटून निसटतात, म्हणून रहदारीच्या रस्त्यावर आम्ही मनगट धरू लागलो आणि तिला नेहमी वाहनांच्या उलट बाजूला ठेवू लागलो. मात्र घाईत त्याच हाताला धरून वर उचलणे किंवा ओढणे टाळा, असे डॉक्टरांनी बजावले होते. पाच वर्षांखालील मुलांत अशा ओढीने कोपराचे हाड सांध्यातून किंचित सरकते आणि मूल तो हात वापरेनासे होते. पायरी चढताना दोन्ही बाजूंनी हात धरून झोका देण्याची आमच्याकडची आवडती पद्धत त्या दिवसापासून बंद झाली. 'थांब' म्हटले की जागेवर उभे राहायचे, हा खेळ आम्ही आधी घराच्या अंगणात, मग रंकाळ्यावर आणि नंतरच गल्लीत खेळलो. बोलावल्यावर ती दहापैकी नऊ वेळा थांबते, एवढ्यावर मी समाधान मानले नाही. राहिलेली एक वेळ दाभोळकर कॉर्नरला आली तर काय, हा विचार करून तो रस्ता मी बराच काळ पायी चालण्याच्या यादीत घेतलाच नाही.

या कॉर्नरवरूनच धुराचा मुद्दा निघाला. दिरांनी सांगितले की गाडीतली मुले जमिनीलगत असल्यामुळे वाहनांचा धूर जास्त ओढतात. इंग्लंडमधील सरे विद्यापीठातील अभ्यासकांनी २०१८ मध्ये तसा इशारा दिला होता हे खरे आहे. गाडीतल्या मुलांना मोठ्यांच्या तुलनेत ६० टक्क्यांपर्यंत जास्त प्रदूषित हवा मिळू शकते, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्याचे कारण रस्त्यापासून पहिल्या मीटरभरात धूर अधिक असतो हे. पण अडीच वर्षांची मुलगी उभी राहिली तरी नव्वद सेंटिमीटरच्या आसपासच असते. तिला गाडीतून उतरवून त्याच चौकात उभे केले तर तिच्या नाकाची उंची थोडीच वाढते. सिग्नलपुरते कडेवर घेतले तरच फरक पडतो. तेव्हा हा मुद्दा रस्ता बदलण्याच्या बाजूचा आहे, गाडी बंद करण्याच्या बाजूचा नाही, असे माझे मत झाले.

कडेवर घेण्याचा प्रश्न मात्र सगळ्यांत खरा ठरला. गाडी नेली नाही की जाताना मुलगी आनंदाने चालते, येताना अर्ध्या वाटेत हात वर करते, आणि मग उरलेले अंतर ती आपल्या कंबरेवर येते. असे रोज होऊ लागले, तर गाडी बंद करून मुलाचे चालणे वाढले असे म्हणता येत नाही. ओझे फक्त चाकांवरून आईच्या पाठीवर आले. आमच्याकडे सासरे तिला घ्यायला नेहमीच तयार असत, त्यामुळे ही वाट अधिकच सोपी होती. उपाय एकच सापडला: ती थकायच्या आत परत फिरायचे. रंकाळ्यावर पूर्ण फेरीचा हट्ट सोडून आम्ही संध्यामठाच्या दिशेने थोडे जाऊन, बसून, पाण्यातले पक्षी पाहून माघारी येऊ लागलो, आणि अंतर हळूहळू वाढवत गेलो. लहान मुलाच्या चालण्याचे माप अंतरात नव्हे, वेळेत घ्यावे लागते.

दुसरी पळवाट दुचाकीची. गाडी नको, चालणेही नको, मग स्कूटरवर पुढे उभे करा आणि चला, हे दृश्य आपल्या शहरात इतके रोजचे आहे की त्यात कोणाला काही वाटत नाही. वास्तविक केंद्र सरकारच्या नियमानुसार फेब्रुवारी २०२३ पासून नऊ महिने ते चार वर्षांच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाला बांधलेला सुरक्षापट्टा आणि मुलाच्या मापाचे हेल्मेट आवश्यक आहे, आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत ठेवायचा आहे. आमच्याकडे पट्टा नव्हता. म्हणून लांबचे जाणे रिक्षाने आणि जवळचे पायी, असे ठरवले. नवऱ्याला हे सुरुवातीला फार रुचले नाही, पण पट्टा आणि लहान हेल्मेट विकत घेईपर्यंत त्याने ते पाळले.

कणेरी मठाच्या सिद्धगिरी संग्रहालयात आम्ही गाडी बरोबर नेली होती, कारण तेथे चालणे बरेच आहे. ती रिकामीच फिरली. तेथे गावगाड्यातल्या माणसांचे आणि जनावरांचे जिवंत वाटावेत असे पुतळे आहेत. लेक प्रत्येक बैलापाशी थांबत होती, प्रत्येक आजीबाईला 'काय करते' म्हणून विचारत होती, आणि एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी स्वतःच पळत होती. गाडीत माझी पर्स, पाण्याची बाटली आणि तिचा स्वेटर बसला होता. पाहण्यासारखे काही असले की ती चालते आणि नुसते पोहोचायचे असले की दमते, एवढे त्या दिवशी स्पष्ट झाले. एक सावधगिरी येथे सांगते: रिकाम्या गाडीच्या दांड्याला जड पिशव्या अडकवू नयेत. मूल उतरले की पुढचा भार जातो आणि गाडी मागे उलटते. मूल चढता-उतरताना असे झाले तर ते तिच्याबरोबर पडते.

इतके सगळे झाल्यावर गाडीचा उरलेला उपयोग मोजला तर तो प्रवासाचा नव्हता, झोपेचा होता. मंगल कार्यालयातल्या लग्नात, जेवणाच्या पंगती लांबल्या की, तिला निजवायला तीच एक जागा असे. मग आम्ही उलटा विचार केला. दुपारची झोप जेवणानंतर घरीच, ठरावीक वेळी व्हावी म्हणून बाहेरचे बेत सकाळी किंवा पाचनंतर ठेवले. तीन वर्षांच्या मुलाला दिवसरात्र मिळून १० ते १३ तास झोप लागते. ती कुठे होते यापेक्षा नियमित होते का, हे महत्त्वाचे. झोप घरात स्थिरावली तशी लग्नकार्यांतली गाडीही सुटली. नवरात्रात देवळाच्या परिसरात आम्ही पहाटेच जाऊन आलो, गर्दी व्हायच्या आत.

तरीही ती लगेच देऊन टाकली नाही, कारण डिसेंबरात महालक्ष्मी एक्सप्रेसने मुंबईला जायचे होते. रात्रीचा प्रवास, पहाटे अर्धवट झोपेतली मुलगी, हातात सामान, आणि छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसची लांबलचक फलाटे. येथे गाडी हवीच, याबद्दल सासूबाईंचेही दुमत नव्हते. गाडी 'बंद' केल्यानंतरही एखाद्या प्रवासाला ती न्यावी लागली तर त्यात मागे गेल्यासारखे काही नाही. लेकीनेही परत आल्यावर ती पुन्हा मागितली नाही.

जानेवारीत गाडी इचलकरंजीच्या नणंदेकडे गेली, तिच्याकडे सहा महिन्यांचे बाळ आहे. देण्याआधी मी कापड काढून धुतले, पट्ट्याची कुलपे उघडझाप करून पाहिली आणि उतारावर ब्रेक लावून ती जागची हलत नाही ना, ते तपासले. मागचा एक ब्रेक सैल झाला होता. तो सायकलच्या दुकानात दुरुस्त करून घेतला आणि मगच ती टेम्पोत चढवली.