तुम्ही विचारलंत म्हणून सांगते, सातला उठते

सातला. कधी सव्वासातला. पाचला नाही, आणि उठल्या उठल्या लिंबू-मधही घेत नाही. २०२० पासून मी घरून काम करते हे कळलं की लोकांचा पहिला प्रश्न ठरलेला: ‘सकाळी किती वाजता उठता?’ उत्तर ऐकून चेहरा जरा पडतो, मग दुसरा: ‘घरी बसून एवढी शिस्त जमते कशी हो तुम्हाला?’ लग्नाच्या पंगतीत विचारून झालं, लिफ्टमध्ये विचारून झालं, परवा दाताच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात आरसा असताना विचारलं. तेव्हा ‘आँ’ एवढंच म्हणता आलं. म्हणून आता सविस्तर.

शिस्त नाहीये हो. असती तर फरसाणाचा डबा माळ्यावर ठेवावा लागला नसता.

या गैरसमजात माझाही हात आहे, हेही सांगून टाकते. पहिल्या लॉकडाऊनमध्ये, एप्रिल २०२० मध्ये, मी टीमसाठी एक यादी केली होती. लवकर उठा, ऑफिसचे कपडे घाला, टेबलावर दोन लिटरची पाण्याची बाटली ठेवा, २५ मिनिटं काम ५ मिनिटं विश्रांती, आणि २१ दिवस एकही खाडा न करता हे पाळा म्हणजे सवय लागेल. ती यादी अजून फिरते. गेल्या वर्षी मावसबहिणीने मलाच फॉरवर्ड केली, ‘तुला उपयोगी पडेल’ म्हणून.

२१ दिवसांचं आधी निस्तरते. हा आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या अमेरिकी प्लास्टिक सर्जनचा. शस्त्रक्रियेनंतर बदललेल्या चेहऱ्याची सवय व्हायला माणसाला किमान २१ दिवस लागतात, असं त्याने १९६० साली लिहिलं. त्यातलं ‘किमान’ वाटेत गळलं आणि नाकाचा आकडा योगासनांना लागला. पुढे लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात फिलिपा लॅली आणि तिच्या सहकाऱ्यांनी ९६ जणांवर हे प्रत्यक्ष पाहिलं. एखादी गोष्ट आपोआप व्हायला लागायला सरासरी ६६ दिवस लागले. कुणाला १८, तर कुणाला हिशेबाप्रमाणे २५४. आणि मधला एखादा दिवस चुकल्याने फारसं बिघडत नाही, हेही त्यात दिसलं. माझं ‘एकही खाडा नको’ वाचून चौथ्या दिवशी खाडा झालेल्या किती जणांनी पाचव्या दिवसापासून सगळंच सोडलं असेल, देव जाणे.

बाटलीचं तर उलटंच. दोन लिटर पाणी हाताशी असलं की उठायचं कारणच उरत नाही. ऑफिसात चहासाठी, प्रिंटरसाठी, कुणाच्या तरी वाढदिवसाच्या केकसाठी उठणं व्हायचं. घरी खुर्ची ते बाथरूम एवढाच प्रवास. आता टेबलावर फुलपात्र असतं. त्यात जेमतेम २०० मिली मावतं, पाऊण तासात संपतं आणि भरायला स्वयंपाकघरात जावं लागतं. दिवसाला आठ-नऊ खेपा होतात. भांडं मुद्दाम छोटं घ्यायचं, एवढीच युक्ती. त्याच खेपेत खिडकीतून समोरच्या इमारतीवरच्या टाकीकडे बघून घ्यायचं. दर २० मिनिटांनी, २० फुटांवरचं काहीतरी, २० सेकंद बघावं असा डोळ्यांसाठी नियम आहे. मला तो पाऊण तासाने जमतो. स्क्रीनकडे बघताना पापण्या कमी लवतात, त्या तेवढ्यात लवून घेतात.

जेवणाचा डबा मी घरी असूनही भरते. हसा. नवऱ्याचा भरताना माझाही: तीन पोळ्या, भाजी, कोशिंबीर, ताक वेगळं. डबा नसला की एकला भूक लागते, दीडला काहीतरी निघतं, अडीचला माणूस उभ्याउभ्या चिवडा खातो आणि चारला पुन्हा जेवतो. डब्यात जेवढं आहे तेवढंच आहे, याचा फार आधार असतो.

२५ मिनिटांचं तंत्र फ्रान्चेस्को चिरिल्लो या इटालियन माणसाने १९८०च्या दशकाच्या अखेरीस, विद्यार्थी असताना काढलं, टोमॅटोच्या आकाराचा स्वयंपाकघरातला टायमर लावून. टाइमशीट भरणं, बिलं लावणं, तुंबलेल्या मेलना उत्तरं देणं असल्या कंटाळवाण्या कामांना ते अजून रामबाण आहे. पण मी सॉफ्टवेअरचं टेस्टिंग करते, म्हणजे त्यातल्या चुका शोधते. एखादी चूक पुन्हा घडवून दाखवायची तर डेटा तयार करण्यातच वीस मिनिटं जातात, आणि ती दिसायला लागते तेवढ्यात टोमॅटो वाजतो. तिथे ५० आणि १० बरं पडतं. टायमर मोबाइलवर मात्र लावू नका. बंद करायला मोबाइल उचललात की पाच मिनिटांची पंचवीस होतात. चावीचा, टिकटिकणारा घ्या.

आता यादीत जे नव्हतंच ते. हे मला डाव्या करंगळीने शिकवलं, आणि मी सहसा बोलत नाही, कारण ऐकणारा लगेच मानेचा पट्टा सुचवतो.

माझं काम अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरच्या लोकांबरोबर. त्यांचे सकाळचे नऊ म्हणजे आपले संध्याकाळचे साडेसहा. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी त्यांची घड्याळं तासाने मागे जातात आणि तेच नऊ आपले साडेसात होतात, ते मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. २०२०च्या त्या हिवाळ्यात साडेसातला सुरू झालेले कॉल साडेदहा-अकरापर्यंत चालायचे. लॅपटॉप जेवणाच्या टेबलावर, डाव्या हाताने फोन कानाला, उजवा हात माउसवर. हेडसेट आणायचं मी रोज उद्यावर टाकत होते.

जेवणाचं टेबल ७६ सेंटीमीटर उंच. खुर्चीची बैठक ४५. मी पाच फूट एक इंच. बसल्यावर माझं कोपर बैठकीपासून २१ सेंटीमीटरवर येतं, म्हणजे जमिनीपासून ६६. टेबल कोपरापेक्षा १० सेंटीमीटर वर. जेवताना हे जाणवत नाही, कारण हात ताटाकडून तोंडाकडे हलत असतो. टाइप करताना खांदे नकळत वर जातात, काही तासांत थकतात, मग हाताचं सगळं ओझं कोपरावर येतं आणि कोपर सनमायकाच्या धारेवर.

कोपराच्या आतल्या बाजूला हाडामागच्या खाचेतून अल्नर नावाची नस, म्हणजे मज्जातंतू, जाते. कोपर कुठे आपटलं की करंट बसतो ना, तीच. तिथे तिच्यावर ना स्नायू ना चरबी, नुसती कातडी. हात दुमडला की ती ताणली जाते, आणि फोन कानाला धरलेला हात पुरता दुमडलेला असतो. वरून ताण, खालून धार, रोज तीन तास. ती नस पुढे करंगळीला आणि अर्ध्या अनामिकेला जाते.

आधी रात्री करंगळीला मुंग्या यायच्या. हात झटकला की जायच्या, म्हणून तीन महिने झटकत राहिले. मग फेब्रुवारीत ऑफिसचं अकाउंट लॉक झालं. पासवर्ड बरोबर होता, मी शपथेवर सांगत होते. हेल्पडेस्कने रीसेट करून दिला; दुसऱ्या दिवशी पुन्हा लॉक. आठवड्यात तीनदा. शेवटी तिकडचा मुलगा अगदी सौजन्याने म्हणाला, ‘मॅडम, एकदा नोटपॅडमध्ये टाइप करून बघाल का?’ बघितलं. पासवर्डचं पहिलं अक्षर कॅपिटल, ते स्मॉल पडत होतं. शिफ्टचं बटण दाबलंय असं मला वाटत होतं. करंगळी त्यावर नुसती टेकलेली होती. पासवर्डच्या जागी ठिपके दिसतात, त्यामुळे कळायला मार्ग नव्हता. मग मी स्वत:चं नाव दहा वेळा टाइप केलं. सात वेळा पहिलं अक्षर स्मॉल. ते नाव तसं बघून पोटात गोळा आला, तो अजून आठवतो.

घरात निदान लगेच झालं: मणका. पट्टा, उशी, तेल. हाडांच्या डॉक्टरांनी मान बघितली, मग कोपराच्या खाचेवर बोटाने टकटक केलं आणि करंगळीच्या टोकापर्यंत वीज गेली. नसेची तपासणी झाली, तीत संदेश मानेत नाही, कोपराशी मंदावत होता. ऑपरेशनची गरज नव्हती. उपाय ऐकून तर फसवणूक झाल्यासारखं वाटलं: कोपर टेकवू नका, फोन हातात धरू नका, आणि झोपेत हात दुमडू नये म्हणून कोपराभोवती टॉवेल सैलसर गुंडाळून झोपा. बोटाला नीट जाण यायला चार महिने लागले. (अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खोल गेलेला दिसला, किंवा त्या दोघांच्या चिमटीत कागद धरून राहीना, तर टॉवेलवर थांबू नका. डॉक्टरांकडे त्याच आठवड्यात जा.)

टेबल बदललं नाही. खुर्चीवर १० सेंटीमीटरची घट्ट गादी आली आणि पाय लोंबकळू नयेत म्हणून खाली पाट. एकाने भागलं नाही, एकावर एक दोन लागले. लॅपटॉप १४ दिवाळी अंकांच्या थप्पीवर, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईपर्यंत. लॅपटॉप उचलला की वेगळा कीबोर्ड आणि माउस घ्यावाच लागतो, नाहीतर हात पुन्हा वर. धारेवर एसीच्या पाइपला लावतात तो काळा फोम, उभा चिरून चढवलेला. भिकार दिसतो, पाहुणे आले की काढते. आणि साधा वायरवाला हेडसेट.

बरेच दिवस मी हा किस्सा टेबलाचा म्हणून सांगत होते. पण टेबल दुपारी दोनलाही ७६ सेंटीमीटरच होतं, तेव्हा कोपर त्यावर रेलत नव्हतं. रेलायचं ते रात्री नऊनंतर, जेव्हा मी तिथे असायलाच नको होते. ऑफिसात असताना पावणेनऊला कंपनीची बस सुटायची. ती चुकली तर हिंजवडीतून घरी येणं म्हणजे रिक्षावाल्याच्या पाया पडणं. त्या बसला मी वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, आणि माझा दिवस संपवणारी ती एकटीच होती. घरी बस सुटत नाही.

म्हणून उठायची वेळ विचारणाऱ्यांना मला लॅपटॉप मिटायची वेळ सांगावीशी वाटते: उन्हाळ्यात आठ, हिवाळ्यात नऊ. पंधरा मिनिटं आधी उद्याचं पहिलं काम कागदावर लिहिते, ‘टेस्टिंग’ असं मोघम नाही, तर ‘परताव्याच्या स्क्रीनवर शून्य रक्कम टाकून बघणे’ असं. मोघम लिहिलं की सकाळी तो कागद बघून माणूस आधी चहा करतो. ऑफिसचं चॅट मोबाइलवरून काढून टाकलंय. खरंच आग लागली तर फोन करतात, वर्षातून चार-पाचदा. मग चार्जर भिंतीतून काढून शोकेसच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवते. तिथे स्टुलाशिवाय माझा हात पोचत नाही. लॅपटॉप गुपचूप उघडता येतो, स्टूल ओढल्याचा आवाज मात्र सगळ्या घराला ऐकू जातो. जेवण झालं की खाली शतपावली, शंभरावर न थांबता दहा-पंधरा मिनिटं. जेवणानंतर एवढं चाललं तरी रक्तातली साखर कमी चढते.

हे रोज होतं का? नाही. रिलीजच्या, म्हणजे नवं सॉफ्टवेअर बाहेर पडायच्या आठवड्यात स्टूल शोकेसपाशीच असतं. आणि नवऱ्याचं म्हणणं, तू चार्जर लपवतेस म्हणजे तुझा स्वत:वर विश्वास नाही. बरोबर आहे त्याचं. नाहीच आहे.

आणखी एक कबुली. दारावरची बेल आई, म्हणजे माझ्या सासूबाई, बघतात. इस्त्रीवाला, कुरिअर, सिलिंडर, आणि ‘तुम्ही घरीच असता ना’ म्हणून आमच्याकडे ठेवली जाणारी अख्ख्या मजल्याची पार्सलं. मला विचारायचं काही असलं तर त्या फ्रिजवरच्या कागदावर लिहून ठेवतात आणि चारच्या चहाला एकदम विचारतात. ही कल्पना त्यांची, माझी नाही. एकटं राहून घरून काम करणाऱ्या कुणी हे वाचून स्वत:ला बोल लावू नये. तुमच्याकडे आई नाहीत.

गुरुवारचं कुणी विचारत नाही, पण सांगते. पुण्यात दुरुस्तीसाठी लाइट जाते ती बहुतेक गुरुवारी. लॅपटॉपला बॅटरी असते, राउटरला नसते. राउटरच्या अडॅप्टरवर व्होल्ट आणि अँपिअर लिहिलेले असतात, बहुधा १२ व्होल्ट. त्याला जुळणारा छोटा यूपीएस घ्या. फायबरची डबी वेगळी असेल तर तिलाही वीज लागते, हे मला पहिल्याच गुरुवारी अंधारात कळलं.

आता नोव्हेंबर येतोय. साडेसहाची मीटिंग साडेसातला जाईल आणि सव्वाआठचं जेवण बरोबर तिच्या मधोमध पडेल. आई म्हणतात, सातलाच जेवून घेत जाऊ. मी म्हणते नऊनंतर. नवरा म्हणतो, ऑफिसात विचारून बघ. अजून काही ठरलेलं नाही.