जिऱ्याची आच

खान्देशात भरिताची वांगी भाजायला घेतली की धूर आणि वास गल्लीच्या टोकापर्यंत जातो, म्हणून भरिताचं सगळं कौतुक वांग्याच्या वाट्याला येतं. उरलंसुरलं हिरव्या मिरचीला, लसणाला आणि कांद्याच्या पातीला मिळतं. जिऱ्याचं नाव कुणी घेत नाही. एकदा तेच भरीत जिरं न घालता फोडणीला टाकून बघा. जेवणारा पहिल्या घासाला थबकतो, भाकरीचा तुकडा हातात धरून विचार करतो आणि मीठ मागतो. मीठ बरोबरच असतं.

शब्दातच त्याचा स्वभाव आहे. संस्कृतात जिऱ्याला जीरक म्हणतात आणि जरणही. दोन्हींच्या मुळाशी पचणं आहे, आपल्या जिरण्याशी त्याचं सख्खं नातं. पाणी जमिनीत जिरतं, जेवण पोटात जिरतं, तोरा मिरवणाऱ्याची कधीतरी जिरते. फोडणीतल्या जिऱ्यानेही तसंच आमटीत जिरून जावं अशी अपेक्षा असते. दाताखाली काळा, कडू दाणा येतो तेव्हा समजावं की जिरं जिरलं नाही, जळलं. घरातली वडीलधारी बाई ओट्यापासून दोन खोल्या लांब बसलेली असली तरी वासावरून तिथून ओरडते, ‘जिरं जयनं व माय!’

जिरं किती घालायचं याची चर्चा घरोघरी होते. खरा प्रश्न त्याला आच किती द्यायची हा आहे. ज्याला आपण दाणा म्हणतो ते खरं तर अख्खं फळ. गाजर, कोथिंबीर, बडीशेप, ओवा यांच्याच कुळातलं. त्याच्या अंगावर उभ्या रेघा दिसतात, आणि सालीच्या आत बारीक नळ्यांमध्ये सुगंधी तेल भरलेलं असतं. या तेलातला मुख्य वास क्युमिनाल्डिहाइड नावाच्या द्रव्याचा. कच्चं जिरं चावलं की तो जरा उग्र, किंचित कडवट लागतो. कोरडं भाजलं की त्याच्या जोडीला भाजक्या शेंगदाण्यासारखा नवा वास तयार होतो. तेलात टाकलं तर नळ्यांमधलं सुगंधी तेल कढईतल्या तेलात उतरतं आणि पदार्थभर पसरतं. दाणा एकच, पण आच बदलली की मसाले तीन होतात. चौथी अवस्था कोळशाची, आणि तिच्यात नि तिसरीत दहा-पंधरा सेकंदांचं अंतर असतं.

फोडणीत गोंधळ होतो तो मोहरीमुळे. मोहरीला तडतडायला तेल चांगलं कडक तापलेलं लागतं, जिऱ्याला तेवढं लागत नाही. दोन्ही एकाच मुठीने टाकली तर मोहरी फुटेपर्यंत जिरं काळं पडतं. म्हणून आधी मोहरी. तिचा आवाज ओसरायला लागला की आच कमी करून जिरं घालायचं. त्याच्याभोवती लगेच बुडबुडे यावेत. दाणा तळाशी गप्प पडून राहिला तर तेल थंड आहे, आणि पडताक्षणी काळा झाला तर जास्त तापलंय. जास्त तापलेल्या तेलावर उपाय एकच, कढई खाली उतरवून अर्धा मिनिट थांबणं. पण आपण नेमकं उलट करतो, घाईघाईने हिंग, हळद, तिखट सगळं ओततो आणि तेही करपवतो.

लसणाचा पेच याहून अवघड. खान्देशी फोडणीत लसूण सढळ असतो. तो आधी की जिरं आधी? लसूण ठेचलेला असेल तर जिरं आधी. ठेचलेल्या लसणाला पाणी सुटतं, त्याने तेलाची धग उतरते आणि तडतडलेलं जिरं वाचतं. लसणाचे काप करून ते सोनेरी, कुरकुरीत हवे असतील तर उलटा क्रम: काप मंद आचेवर कोमट तेलातच टाकायचे, कडा पिवळसर झाल्या की मग जिरं. जिरं आधी टाकून कापांची वाट पाहत बसलात तर लसूण सुरेख होतो आणि जिरं वाया जातं. भरिताला ठेचलेलाच लसूण बरा. एक किलो वांग्यांना अर्धी वाटी तेल आणि दीड चहाचा चमचा जिरं पुरतं. दोन चमचे घातलंत तर वांग्याचा धुरकट गोडवा मागे पडतो, आणि मग कपाशीच्या काड्यांवर एवढी खटपट करून भाजलं कशाला?

कोरडं भाजणं सोपं वाटतं म्हणून जास्त बिघडतं. जाड बुडाची कढई, मंद आच आणि एका वेळी पन्नास ग्रॅमपेक्षा जास्त नको. पाचेक मिनिटं हात थांबवायचा नाही. रंगाकडे बघू नका, जिरं मुळातच मातकट असतं आणि स्वयंपाकघरातल्या उजेडात फरक उशिरा दिसतो. नाकावर विश्वास ठेवा. आधी गवताचा वास, मग गरम मातीचा, मग एकदम भाजक्या शेंगांचा. तिथेच उतरवायचं. धूर दिसला म्हणजे उशीर झाला. गॅस बंद करून जिरं कढईतच ठेवलं तर बुडाच्या गरमीने ते पुढे भाजत राहतं, म्हणून लगेच ताटात पसरायचं. पूर्ण गार झाल्याशिवाय दळायचं नाही, नाहीतर वाफ धरून पूड गोळा होते. मिक्सरही सलग फिरवू नये, दहा-दहा सेकंदांनी थांबावं. पातं तापलं की वास उडून भांड्याच्या झाकणाला लागतो. ही पूड पंधरा दिवसांची करावी, वर्षाची नव्हे. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळीसला टेकतो तेव्हा पेलाभर ताकाला या पुडीचा पाव चमचा, चिमूट सैंधव आणि दोन पुदिन्याची पानं लागतात. तिथे कच्ची पूड घातली तर ताक खरखरीत आणि रागीट लागतं.

काळ्या मसाल्यात मात्र जिऱ्याने हात आखडता घ्यावा. शेवभाजीचा किंवा पाटोडीचा रस्सा कांदा आणि सुकं खोबरं काळपट भाजून केलेला, म्हणजे कडवटपणाची एक बाजू आधीच भरलेली. धणे चार वाट्या असतील तर जिरं एक वाटी, फार तर सव्वा. धण्याबरोबर एकाच घाण्यात भाजू नये, कारण धणे आतून पोकळ, त्यांना वेळ वेगळा लागतो. रस्सा कडू झाला की लोक खोबऱ्याला दोष देतात. बऱ्याचदा गुन्हेगार जिरं असतं.

कच्चं जिरं आपण कुठे वापरतो ते सहज लक्षात येत नाही. बट्टीच्या जाडसर कणकेत, उडदाच्या पापडात, बिबड्यांत म्हणजे ज्वारीच्या पापडांत ते कच्चंच जातं, अख्खं नाहीतर हातावर चुरडून. हे बरोबरच आहे. बट्टी पुढे तुपातेलात तळायची असते, बिबडं निखाऱ्यावर भाजायचं असतं. जिऱ्याला त्याची आच तेव्हा मिळणार असते. चांगुलपणा म्हणून आधी भाजून घातलं, तर दुसऱ्या आचेत ते करपतं आणि पापडावर काळे ठिपके उठतात.

जगभर याच तीन अवस्थांचे खेळ चाललेत. मोरोक्कोत भाजलेल्या मेंढराच्या मांसाबरोबर ताटाशेजारी मिठाची आणि जिरेपुडीची वाटी ठेवतात, मांसाचा तुकडा त्यात टेकवून खातात. चीनच्या शिनजियांगमध्ये कोळशावरच्या मटणाच्या सळ्यांवर जिरं आणि लाल तिखट शेवटी शेवटी भुरभुरतात. आधी टाकलं तर चरबी शिजेपर्यंत ते राख होईल, हे तिथल्या रस्त्यावरच्या कबाबवाल्याला पाठ असतं. कैरोच्या कोशरीवर, म्हणजे भात, मसूर आणि मॅकरोनीच्या मिश्रणावर, लसूण, व्हिनेगर आणि जिऱ्याचं आंबट पाणी ओततात. अमेरिकेत टेक्सासच्या चिली पावडरीला जो ओळखीचा वास येतो तो मिरचीइतकाच जिऱ्याचा असतो. स्पॅनिश लोकांनी ते त्या खंडात नेलं. हॉलंडचे लोक तर लेडन नावाच्या चीजमध्ये अख्खे दाणे घालतात, तेही न भाजता, न तळता. महिनोन्महिने मुरता मुरता चीजची चरबीच त्यातला वास ओढून घेते. पटायला जरा वेळ लागतो, पण तत्त्व आपल्या फोडणीचंच आहे, फक्त घाई नाही. इराणात ‘केरमानला जिरं नेणं’ अशी म्हण आहे. केरमान जिऱ्यासाठी नावाजलेलं, तिथे ते विकायला नेणं म्हणजे जळगावात केळी घेऊन जाण्यासारखं.

आपल्याकडे केळी पिकतात, जिरं नाही. ते शेजारच्या गुजरातेतून आणि राजस्थानातून येतं. मेहसाणा जिल्ह्यातलं ऊंझा ही त्याची मोठी बाजारपेठ. जिऱ्याला हलकी, निचऱ्याची जमीन, कोरडी थंडी आणि स्वच्छ आभाळ लागतं. नोव्हेंबरात पेरायचं, साधारण चार महिन्यांनी काढायचं. फुलोऱ्यात दोन दिवस ढग आले की करपा आणि भुरी हे रोग, पाणी साचलं की रोपं वाळवणारा मर रोग. तापीकाठच्या काळ्या, ओल धरून ठेवणाऱ्या जमिनीत केळीची बाग डुलते, जिऱ्याचं तिथे काही खरं नसतं. इतकं नाजूक पीक असल्याने भावही तसाच उड्या मारतो. 2023 च्या जुलैत वायदेबाजारात क्विंटलला 60,000 रुपयांच्या वर गेला होता, तेव्हा वाण्याच्या दुकानात शंभर ग्रॅम मागणारेही पन्नासवर आले.

भाव चढला की भेसळ येते. गवताचं बी कोळशाच्या पुडीने रंगवून मिसळतात. चिमूटभर तळहातावर घेऊन रगडावं. हात काळा झाला तर पुडी परत करावी. चांगलं जिरं रगडल्यावर हाताला वास लागतो, रंग नाही. थोड्या काड्या असतील तर नाक मुरडू नका, पण वास येत नसेल तर दाणा कितीही स्वच्छ असो, तेल उडालेलं आहे. अख्खं जिरं घट्ट झाकणाच्या डब्यात वर्षभर टिकतं, मात्र डबा शेगडीशेजारच्या फळीवर नको.

नावांचा घोळही सांभाळायला हवा. शहाजिरं वेगळं, बारीक, काळपट, किंचित वाकलेलं. ते बिर्याणीला आणि गोड्या मसाल्याला. कडू जिरं हे तर वेगळ्याच झाडाचं औषधी बी, त्याचा फोडणीशी संबंध नाही. जर्मनीत कुणी क्युमेल म्हणून पुडी दिली तर ती विलायती शहाजिऱ्याची असते, आणि तिने केलेली आमटी पावासारखी लागते.

जिऱ्याची खरी परीक्षा एकादशीला. उपवासाला मोहरी चालत नाही, हिंग-हळद नाही, बहुतेक घरांत लसूण-कांद्याचा प्रश्नच नाही. भगर आणि दाण्याची आमटी, दोन्हींच्या फोडणीत तूप, जिरं आणि हिरवी मिरची एवढंच. चूक झाकायला कुणी नाही. वाटीभर भगरीला दोन चमचे तूप मध्यम आचेवर, त्यात अर्धा चमचा जिरं. पहिले तीन-चार दाणे फुगून फिरले की लगेच मिरचीचे तुकडे, आणि मिरची चरचरताच गरम पाणी.