डीबगर जोडला की बाइट गायब

सेन्सरकडून ९६०० बॉडने (सेकंदाला ९६०० बिट) येणारी फ्रेम, म्हणजे ठरावीक बाइटचा गठ्ठा, वाचायची, एवढंच काम होतं. बोर्ड नुसता चालवला तर दहातली एखादी फ्रेम चुकायची. म्हणून प्रोब (बोर्ड लॅपटॉपला जोडून कोड थांबवत तपासू देणारं डीबगरचं उपकरण) जोडला, कोडची एकेक ओळ पुढे नेत बघायला लागलो, तर एकही बाइट येईना! ऑसिलोस्कोपवर आरएक्स (डेटा आत घेणाऱ्या) पिनचा सिग्नल मात्र स्वच्छ. दोन दिवस मी सेन्सरलाच शिव्या घातल्या, केबलसुद्धा बदलली.

चोर माझ्याच स्क्रीनवर बसला होता. चिपमधल्या सीरियल पोर्ट, टायमर अशा भागांची रजिस्टरं दाखवणारी डीबगरची विंडो मी उघडी ठेवली होती. बोर्डवरच्या एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरमध्ये यूएआर्टचं (सीरियल पोर्टचं) डेटा रजिस्टर वाचलं, की बाइट आल्याचं सांगणारा आरएक्सएनई फ्लॅग आपोआप उतरतो. वाचणारा प्रोसेसर आहे की डीबगर, याच्याशी हार्डवेअरला देणंघेणं नाही. दर स्टेपला विंडो ताजी व्हायची, बाइट उचलायची आणि फ्लॅग तपासणाऱ्या माझ्या कोडमधल्या 'इफ'ला तो शून्यच दिसायचा. विंडो बंद केली, बाइट यायला लागले.

तरी ब्रेकपॉइंटवर (कोड जिथे थांबवायचा तिथे लावलेल्या खुणेवर) थांबलं की पुढचे बाइट वाया जातातच. या वेगाला साधारण मिलिसेकंदाला एक बाइट येतो. माझी नजर व्हेरिएबलवर पोचेपर्यंत शेकडो निघून गेलेले असतात. मग बाइट बफरमध्ये साठवले आणि फ्रेम पूर्ण झाल्यावरच थांबलो. मूळ चूक तेव्हा दिसली: बफरचा इंडेक्स मी इंटरप्टमध्येही (मेन लूप मध्येच थांबवून चालणाऱ्या कोडमध्ये) बदलत होतो आणि मेन लूपमध्येही.

त्याच बोर्डावर मोटर होती, आणि तिथे मात्र नुकसान झालं. ब्रेकपॉइंटवर प्रोसेसर थांबतो, टायमर थांबतोच असं नाही. मोटर चालवणारा टायमरचा पीडब्ल्यूएम सिग्नल चालू राहिला, मोटर पट्टा ओढत राहिली, टोकाचा लिमिट स्विच दाबला गेला. पण तो वाचणारा कोड थांबलेला. मोटर अडकली, करंट चढला, आणि मोटरला करंट देणाऱ्या मॉस्फेटचा जळका वास आला तेव्हा मी व्हेरिएबलच बघत होतो. डीबीजीएमसीयू रजिस्टरमध्ये प्रोसेसर थांबला की टायमर आणि वॉचडॉग (कोड अडकला तर रीसेट करणारा टायमर) गोठवायचे बिट असतात. ते आता आधी लावतो, आणि तरीही मोटरची वायर काढूनच ब्रेकपॉइंट टाकतो. सर्किट थेट मेन्सवर चालणारं असेल तर आयसोलेटरशिवाय प्रोब जोडतच नाही, कारण प्रोबचा ग्राउंड यूएसबीतून लॅपटॉपपर्यंत जातो.

सगळं जमलं म्हणून प्रोब जोडलेला असतानाच रीसेट दाबलं, चाललं. दुसऱ्या दिवशी प्रोबशिवाय पॉवर दिली तर बोर्ड मुका. सेमीहोस्टिंग, म्हणजे डीबगरमार्फत लॅपटॉपवर मजकूर छापण्याची सोय, चालू राहिलं होतं. त्यातली प्रत्येक छपाई म्हणजे एक बीकेपीटी (ब्रेकपॉइंट) इन्स्ट्रक्शन. डीबगर असला तर तो सांभाळून घेतो, नसला तर प्रोसेसर हार्डफॉल्टमध्ये, म्हणजे गंभीर चुकीच्या अवस्थेत अडकतो. आदल्या दिवशी प्रोब जोडलेला होता, म्हणून चाललं तो निव्वळ भास. छपाई सीरियलवर वळवली, पॉवर काढून परत दिली, आणि प्रोब ड्रॉवरमध्ये ठेवून रात्रभर फ्रेम मोजत बसलो.