पात्यात पंखा

चाकूच्या चकचकीत पात्यात पुन्हा पंखा आला. छताचा, सावकाश फिरणारा, एवढासा पंखा. बंद करावा तर घाम येतो आणि घामट बोट लागलं की पोलादावर ठसा उमटतो. चालू ठेवावा तर खालचा कागद फडफडतो. शेवटी स्टूल खिडकीकडे हातभर सरकवलं. मग पात्यात पंख्याऐवजी मी आलो. बनियनवर.

जेवणं झाली, घर आडवं झालं, की माझ्या उद्योगाला सुरुवात होते. घडीचे चाकू एकेक करून उघडायचे, ड्रॉइंगच्या कागदावर नाहीतर आजीच्या पाटावर मांडायचे आणि फोटो काढायचे. पोलादाचा फोटो निघत नाही, पोलादात जे दिसतं त्याचा निघतो. समोर पांढरा कागद धरला की पातं पांढरंफटक, काळा धरला की काळंठिक्कर. कागद तिरका करत करत एक अशी जागा सापडते, जिथे उजेड पाठीकडून धारेकडे उतरत जातो, आणि तेवढ्यापुरतं ते पोलाद वाटतं. नाक खाजवलं की गेली ती जागा. एकाने मला मोठ्या आग्रहाने लेन्सला लावायचा पोलरायझर फिल्टर घ्यायला लावला होता. पाण्यावरची, काचेवरची चकाकी तो खातो, पण उघड्या धातूपुढे त्याचं काही चालत नाही. खिडकीला ट्रेसिंग पेपर चिकटवला की काम होतं.

बायकोचं म्हणणं एवढंच, की इतके चाकू घरात आहेत आणि एकानेही आजवर लिंबू कापलेलं नाही. ती स्वतः विळीवर बसते. विळीपुढे माझा सगळा संग्रह म्हणजे पोरखेळ आहे हे मला मान्य आहे, पण विळी खिशात मावत नाही.

चाकूंचे फोटो काढणारे जगात पुष्कळ आहेत आणि त्यांतल्या बहुतेकांचं आणि माझं जमायचं नाही. त्यांच्या फोटोत चाकूशेजारी व्हिस्कीचा ग्लास असतो, बंदुकीची काडतुसं असतात, जाडजूड घड्याळ असतं आणि, का कोण जाणे, कॉफीच्या बिया सांडलेल्या असतात. चाकूने कॉफीच्या बियांचं काय करायचं? शिवाय चाकू कोरा करकरीत, डब्यातून काढलेला, ज्याला कधी धार लावावी लागली नाही असा. स्विस चाकू असला तर त्याची सगळी हत्यारं एकदम उघडून, चिडलेल्या खेकड्यासारखा उभा केलेला. स्वित्झर्लंडच्या इबाख गावात कार्ल एल्सनरने 1897 मध्ये त्याचं पेटंट घेतलं, ते एका वेळी एक हत्यार उघडावं म्हणूनच ना?

मला झिजलेला चाकू लागतो. निसण्यावर घासून घासून पातं अरुंद झालेलं, मूळ आकार फक्त बुडाशी, नखाच्या खाचेजवळ उरलेला. मिटल्यावर मुठीत खोल बुडून जाणारा. पाजवणारा उजवा होता की डावरा, घाईचा होता की निगुतीचा, तेही धारेच्या रेषेवरून कळतं असं मी लोकांना ठासून सांगतो. अजून कुणी खोडून काढलेलं नाही.

हे वेड बहुधा काकांकडून आलं. काकांचा चाकू सदऱ्याच्या खिशात असायचा, सुतळीने काजाला बांधलेला. कोकणात मे महिन्यात आम्ही सगळी चुलत-आते भावंडं जमलो की दुपारी ते ओटीवर बसत, सुतळी सोडत, अंगठ्याच्या नखाने पातं उघडत. उघडताना खट् असा आवाज व्हायचा आणि आम्ही मांजरांसारखे नाही, चक्क कार्टीच होतो, कार्ट्यांसारखेच धावत जायचो. कैरीची फोड पात्यावर ठेवून ते पुढे करायचे. बोटांनी उचलायची, तोंड लावायचं नाही. तिखटमीठ वाटीत. पातं लोखंडी, कैऱ्यांच्या आंबटाने निळंकाळं पडलेलं, ऊन पडलं की त्यात जांभळी झाक दिसायची. काकूच्या मते तो गंज होता. काकांच्या मते ते चाकूचं अंगावर आलेलं वय होतं. खरं तर आम्ल लोखंडाला लागलं की ही काळी साय धरते आणि लाल गंजाला थोडंफार थोपवूनही धरते, म्हणजे काका बरोबर होते. पण त्या घरात काकू चुकल्याचं एकही उदाहरण नोंदलेलं नाही.

चाकू मागितला तर ते हातात देत नसत. पायरीवर ठेवत, मग आम्ही उचलायचा. हातातून हातात दिला की भांडण होतं. मीही तेच पाळतो. एका मित्राला माझा जपानी चाकू बघायचा होता, तर मी तो टेबलावर ठेवून दोन पावलं मागे सरलो. तो म्हणाला, अरे, मी काय दरोडेखोर आहे? भांडण तरीही झालंच, पण ते वेगळ्या विषयावर.

जत्रेत तेव्हा मासोळीच्या आकाराचे पत्र्याचे चाकू मिळायचे. त्यांना डोळा असायचा, खवले असायचे, धार मात्र नसायची. माझा पहिला चाकू तोच, आणि संग्रहातला सगळ्यात देखणा फोटोही त्याचाच निघतो. यावरून काय ते समजावं.

खंडेनवमीला माझ्या छंदाला घरात वर्षातून एकदा प्रतिष्ठा मिळते. विळी, कात्री, पक्कड, पान्हे, शिवणयंत्र आणि त्या रांगेत माझे चाकू. झेंडू सगळ्यांना सारखा. फ्रान्सच्या साव्हॉयमधला ओपिनेल त्यात असतो. झोजेफ ओपिनेलने 1890 मध्ये काढलेला, बीच लाकडाच्या मुठीचा, शेतकऱ्याच्या खिशातला साधा चाकू. 1955 पासून त्याच्या मानेशी फिरतं कडं आलं, पातं बोटावर मिटू नये म्हणून. पात्यावर छाप आहे तो मुकुट आणि त्याखाली आशीर्वाद देणारा हात. तिथल्या सें-झां-द-मोरियेन गावाच्या चिन्हावरून घेतलेला. आईने पहिल्यांदा तो पाहिला तेव्हा विचारलं, हा कुणाचा देव? मी म्हटलं, फ्रेंचांचा. तिने नीट बघून बरोबर त्या उगारलेल्या बोटांवर हळदकुंकू वाहिलं. कुंकू लाकडात मुरलं ते मुरलंच. जाणकार सांगतात की यामुळे चाकूची किंमत उतरली. मी तो तसाच टिपलाय, पाटावर, झेंडूच्या दोन पाकळ्यांसकट. कॉफीच्या बिया नाहीत.

आणि तो जपानी चाकू. हिगोनोकामी. पितळी किंवा लोखंडी पत्रा दुमडून केलेली मूठ, कुलूप नाही, स्प्रिंग नाही. पात्याच्या शेपटीवर अंगठा दाबून धरायचा, झालं. फोटोला फार सोपा. कारण पत्रा तेजहीन असतो, त्यात पंखा येत नाही. एके काळी तिकडची शाळकरी मुलं पेन्सिलीला टोक काढायला तो दप्तरात ठेवत. मग 1960 च्या ऑक्टोबरात टोकियोत, भर सभेत, सतरा वर्षांच्या एका मुलाने समाजवादी पक्षाचे नेते इनेजिरो असानुमा यांना आखूड तलवारीने मारलं. यासुशी नागाओ यांनी टिपलेल्या त्या क्षणाला पुढल्या वर्षी पुलित्झर मिळालं. त्यानंतर मुलांच्या हाती पाती नकोत म्हणून तिकडे मोहीम झाली आणि पेन्सिली तासणारा चाकू दप्तरांतून हळूहळू नाहीसा झाला. हिगोनोकामीचा त्यात काहीच हात नव्हता.

आपल्याकडे घरकामाची, शेतीची हत्यारं सोडली तर नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याला परवाना लागू शकतो. माझे सगळे त्याच्या पुष्कळ आत आहेत; बहुतेकांना कांदाही जड जाईल. हे मी पाहुण्यांना न विचारता सांगतो. रामपूरला तर एका चौकातच सुमारे वीस फुटांचा रामपुरी उभा केलाय, त्याच्यापुढे लोक सेल्फी काढतात. तेवढ्या पात्यात अख्खं गाव येत असेल.

स्थानिक पानावर अधूनमधून पोलिसांनी जप्त केलेल्या हत्यारांचा फोटो येतो. टेबल, त्यावर पांढरी चादर, चादरीवर ओळीने मांडलेले चाकू आणि कोयते, मागे बुरखे घातलेले आरोपी, त्यांच्या मागे छाती काढून साहेब. मी हे फोटो मांडणीसाठी बघायचो. पाती एकाच दिशेला, मुठी एका रेषेत, शेजारी पट्टी. नेमकं माझंच तंत्र. फक्त फ्लॅश समोरून मारतात, त्यामुळे पाती पांढरीफटक पडतात.

परवाच्या फोटोत एकच चाकू होता. शिंगाची मूठ, तीन पितळी खिळे, पात्याला थोडा बाक. माझ्याकडे आहे तोच नमुना, मी वर्षानुवर्षं शोधून मिळवलेला. धार कोरी होती, कधीही न पाजवलेली. खाली छोटीशी बातमी होती. चाकूची लांबी, रुंदी आणि मूठ यांत तिची पहिली ओळ गेली होती. उरलेल्यात गेलेल्या मुलाचं नाव, वय आणि तो कुठल्या क्लासला जात असे ते.